मनगटावरचं लेझर घड्याळ आईसाठी घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. आई ६१ वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागात राहते, उभ्या आयुष्यात विड्या वळल्या. दोन्ही गुडघे दुखतात, नऊ वर्षांपासून शुगर आहे, बीपीचीही गोळी चालू आहे. मावशीचे जावई एक लेझरचं घड्याळ ‘वापरून तर बघा’ म्हणून घरी ठेवून गेलेत. रोज अर्धा तास मनगटाला बांधायचं आणि त्याचीच एक नळी नाकात घालायची. त्याने सगळं रक्त सुधारतं, पातळ होतं, शुगर-बीपी उतरतं असा विकणाऱ्यांचा दावा आणि सोबत सर्टिफिकेटचे फोटो. किंमत ३६ हजार, हप्ते करून मिळतात. त्याआधी एका मंगल कार्यालयातल्या शिबिरात आईचं बीपी उतरलेलं दाखवलं आणि रक्ताचा थेंब टीव्हीवर दाखवला. पंधरा दिवसांत आईला गुडघ्याला बरं वाटतंय आणि तिने शुगरची गोळी एक दिवसाआड केली आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो विचारतो, ‘लेझर तर फिजिओथेरपीतसुद्धा वापरतात, मग हे खोटं कसं म्हणायचं?’

आधी गोळीचं बोलू, बाकीचं सावकाश. आजच फोन करा आणि गोळी पहिल्यासारखी रोज सुरू करायला सांगा. रागावू नका, रागावलात तर ती ‘हो घेते’ म्हणेल आणि घेणार नाही. या आठवड्यात उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर तपासा आणि एचबीए१सीसुद्धा करून घ्या. एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा हिशोब, त्यामुळे पंधरा दिवसांचा घोटाळा त्यात पूर्ण दिसणार नाही. पण आजचा आकडा हातात असला की पुढे वाद घालायला काहीतरी राहील. गोळ्या कमी करायच्या की नाही हे तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. जावयांनी नाही आणि मीही नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

आता लेझर. हा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण माझ्या दवाखान्यात लेझरचं मशीन आहे. सत्तावीस वर्षं मी सोलापुरात प्रॅक्टिस करतोय आणि त्यातली बरीच वर्षं ते मशीन वापरलंय. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलं होतं. पेनासारखा प्रोब, त्याच्या टोकातून इन्फ्रारेड लेझर निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सोबत एक छोटा लाल दिवा दिलेला असतो, नेम धरायला. पेशंटला तो लाल ठिपकाच औषध वाटतो. एक विणकर मामा होते, त्यांचा खांदा आखडलेला. तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणायचे, ‘व्यायाम नको ओ डॉक्टर, लाईट लावा, लाईटनेच उतरतंय.’

एकदा सर्व्हिसिंगला माणूस आला. त्याने आपला पॉवर मीटर काढला, प्रोबचं टोक त्यावर धरलं, बटण दाबलं. मशीनचा बीप वाजला, सेकंद मोजले गेले, लाल ठिपका लागला आणि मीटरवर शून्य. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, शून्यच. प्रोबच्या मानेजवळ वायर आतून तुटली होती. नेम धरायचा दिवा तेवढा जिवंत, इन्फ्रारेड मेलेला. केव्हापासून, हे त्याला सांगता येईना आणि मलाही कळायला मार्ग नव्हता. आधीची तपासणी होऊन चार-पाच महिने झाले होते. त्या रात्री मी रजिस्टर घेऊन बसलो. गुडघा, मान, टाच, खांदा. बहुतेकांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘आराम’, ‘बराच आराम’, ‘७० टक्के’. विणकर मामा त्यातच होते.

ते लोक खोटं बोलत नव्हते आणि मीही नव्हतो. त्यांना बरं वाटलंच होतं. दुखणं चढ-उतार करत असतं. माणूस माझ्याकडे येतो तो दुखणं कळसाला गेलेलं असताना, त्यामुळे पुढच्या दोन आठवड्यांत ते काहीही न करता थोडं उतरण्याचीच शक्यता जास्त. शिवाय मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेत होतो, कसं बसायचं, कसं उठायचं हे सांगत होतो. आणि दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईला रोज वीस मिनिटं पंख्याखाली पाय लांब करून झोपायला मिळत होतं, कुणीतरी ‘कुठं दुखतंय’ विचारत होतं, ही काय साधी गोष्ट आहे? लाल ठिपक्याला हे सगळं श्रेय फुकट मिळत होतं.

तुमच्या आईच्या गुडघ्याचे पंधरा दिवस मी याच नजरेने वाचतो. आणखी एक विचारून बघा. घड्याळ लावून ती अर्धा तास करते काय? पाय सोडून बसते ना? त्या वेळात विड्या वळत नसणार.

म्हणजे लेझर सगळंच थोतांड आहे का? तसं म्हणणंही सोयीचं आहे, पण खरं नाही. १९६० मध्ये थिओडोर मेमनने अमेरिकेत पहिला लेझर पेटवला, माणकाचा, म्हणजे रुबीचा. सात वर्षांनी, १९६७ मध्ये, बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांची पाठ भादरून त्यावर सौम्य रुबी लेझर मारून पाहिला. त्यांना बघायचा होता कॅन्सरशी संबंध. कॅन्सर झाला नाही, पण लेझर मारलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. तिथून ‘सौम्य लेझरने पेशींना चालना मिळते’ ही सगळी शाखा निघाली. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातलं एक एन्झाइम लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश शोषतं आणि त्यातून पुढचे बदल होतात, असा त्यामागचा सगळ्यात चर्चेतला तर्क आहे. प्रयोगशाळेत ताटलीत वाढवलेल्या पेशींवर परिणाम दिसतो, हे खरं. ताटलीतून माणसात यायला मात्र वाट लांब आहे.

माणसांवरचा पुरावा सरसकट नाही, तुकड्या-तुकड्यांत आहे. मानेच्या दुखण्यावर २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १६ चाचण्यांचा, ८२० पेशंटचा आढावा आला, त्यात खऱ्या लेझरला खोट्या लेझरपेक्षा बरा आराम मिळाला. गुडघ्याच्या झिजेवर २०१९ मध्ये २२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तिथे योग्य मात्रा दिलेल्यांना दुखण्यात उतार होता, मात्रा चुकली तिथे फारसं काही नाही. मनगटाची नस दबते, हाताला मुंग्या येतात, विडी कामगारांत हे दुखणं मी नेहमी बघतो. त्यावर कॉक्रेन या चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात पुरावा फारच कच्चा निघाला. सगळ्यात पक्का पुरावा कुठे असेल, तर एका भलत्याच ठिकाणी. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरला रेडिएशन देतात तेव्हा तोंड आतून सोलून निघतं, पाणी गिळवत नाही. ते सोलणं कमी व्हावं म्हणून तोंडात ठरावीक मात्रेत लेझर द्यावा, अशी शिफारस कॅन्सर उपचारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. मावा आणि तंबाखूच्या आपल्या जिल्ह्यात हे ठाऊक असायला हवं. पण ते काम प्रशिक्षित माणूस, चष्मे घालून, मोजून करतो. त्याची जाहिरात मंगल कार्यालयात होत नाही.

यातली मेख ‘खोट्या लेझरपेक्षा’ या दोन शब्दांत आहे. चांगल्या चाचणीत निम्म्या पेशंटना दिसायला तंतोतंत तेच, पण आतून बंद असलेलं मशीन लावतात. इन्फ्रारेड दिसतच नसल्याने पेशंटलाही कळत नाही आणि लावणाऱ्यालाही. थोडक्यात, माझ्याकडे अपघाताने झालं तेच तिथे ठरवून करतात. बंद मशीनवाल्यांनाही बरं वाटतंच. दोन्हींतला जो फरक उरतो तेवढाच लेझरचा. घड्याळ विकणाऱ्यांनी हा फरक मधुमेहासाठी, बीपीसाठी, एचबीए१सीच्या आकड्यात कधी दाखवलाय का, एवढंच विचारायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर येतात ते अनुभव. अनुभव तर माझ्या रजिस्टरमध्येही भरपूर होते.

आता मात्रेचा हिशोब बघा, पाचवीच्या गणिताचा आहे. लेझरची ताकद मिलिवॅटमध्ये मोजतात आणि वेळेने गुणली की ऊर्जा मिळते, ज्यूलमध्ये. १०० मिलिवॅटचा प्रोब एका जागी ४० सेकंद धरला की ४ ज्यूल. गुडघ्यासारख्या सांध्याला लाल रंगाच्या लगतच्या इन्फ्रारेडमध्ये दर बिंदूला ४ ते ८ ज्यूल, असे काही बिंदू, अशी शिफारस असते. ५ मिलिवॅटच्या साध्या लेझर पॉइंटरने तेच ४ ज्यूल द्यायचे तर एका बिंदूवर ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांच्या वर हात न हलवता धरावा लागेल. शिवाय मात्रा जास्त झाली तरी परिणाम कमी होतो असं या विषयातले लोकच सांगतात. (विकणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. बरं वाटलं तर मशीनमुळे, नाही वाटलं तर ‘मात्रा जमली नाही’, दोन्हीकडून तोच बरोबर.)

अशा घड्याळांत सहसा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचे लाल डायोड, म्हणजे लेझरचे बारीक दिवे असतात, एकेकाची ताकद पाच मिलिवॅटच्या आसपास. दहा डायोड धरू, सगळे मिळून ५० मिलिवॅट, म्हणजे वॅटचा विसावा भाग. आता एप्रिलच्या दुपारी बारा वाजता पार्क चौकात उभं राहून तळहात उन्हाकडे करा. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण हजार वॅट पडतं. तळहातावर त्यातले दहा वॅट येतात आणि नुसता लाल भाग वेगळा काढला तरी एक वॅटच्या वरच. म्हणजे घड्याळाच्या वीसपट लाल प्रकाश सोलापूरचा सूर्य फुकट देतो, हप्ते न करता. उन्हात राबून शुगर बरी झाली असती, तर सोलापुरात एकालाही शुगर नसती.

जावई म्हणतील, ‘ऊन वेगळं, लेझर वेगळं. लेझर एका रेषेत जातो.’ हवेत जातो. कातडीत शिरला की एक-दोन मिलिमीटरमध्येच इतका विखुरतो की रेषा-बिषा काही उरत नाही. मोबाइलची टॉर्च लावून तिच्यावर बोट दाबून धरा, अख्खं बोट लालबुंद दिसतं. तेच ते विखुरणं. हिरवा-निळा भाग रक्तानेच शोषलेला असतो, लाल तेवढा बाहेर येतो. लेझरचा उजेड एका ठिपक्यावर एकवटलेला असतो, हे मात्र मान्य. पण दावा ठिपक्याचा नाहीये ना, सगळ्या शरीरातलं रक्त सुधारण्याचा आहे. मनगटातल्या नाडीतून रक्त वाहत असतं, एखादी पेशी त्या उजेडाखालून जाते ती सेकंदाच्याही छोट्या तुकड्यात, आणि त्या नाडीत शरीरातल्या पाच लिटरपैकी असतं तरी किती? रक्ताला लेझर दाखवायची कल्पना १९८० च्या दशकात सोव्हिएत रशियात पुढे आली. तिथे सुईतून बारीक फायबर थेट शिरेत घालायचे. तेही पुढे जगभर मान्य झालं नाही. घड्याळाने तर सुईही काढून टाकली आणि कातडीवरूनच ‘तेच’ होतं म्हणून सांगितलं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक साधी गोष्ट उरते. आईचं दुखतंय गुडघ्यात आणि उजेड पडतोय मनगटावर.

लोक भुलतात ते ‘लेझर’ या शब्दाला आणि त्यात त्यांची चूक नाही. सोलापुरात मुतखडा लेझरने फोडतात, मूळव्याध लेझरने करतात, शुगरवाल्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर लेझर मारतात. ती सगळी खरी कामं आहेत. पण तिथे लेझर जाळतो, कापतो, फोडतो. केलेलं काम डॉक्टरला समोर दिसतं. घड्याळाने फक्त आडनाव उसनं घेतलंय.

शिबिरातल्या बीपीबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण तिथेच लोक पडतात.

बीपी मोजायचं तर आधी पाच मिनिटं शांत बसायला हवं, पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको, मिश्री नको. तुमच्या आईचं पहिलं बीपी कसं घेतलं असेल याचा अंदाज करा. रिक्षाने आली, जिना चढली, हॉलमध्ये दोनशे माणसं, माइकवर आवाज, आल्या आल्या टेबलापाशी उभं करून पट्टा बांधला. मिश्री लावून निघाली असेल तर विचारूच नका. आकडा वर येणारच. मग अर्धा तास खुर्चीत, पंख्याखाली, मनगटाला घड्याळ. पुन्हा मोजलं, आकडा उतरला, टाळ्या. त्याच हॉलमधल्या दहा जणांना घड्याळ न बांधता नुसतं अर्धा तास बसवून मोजलं असतं तर त्यातल्या बऱ्याच जणांचं उतरलं असतं. तेवढं मात्र शिबिरात कुणी करत नाही. शुगरचं तर आणखी सोपं. जेवणानंतर तासाभराने एकदा मोजा, मग दोन तासांनी मोजा. बऱ्याच जणांची वरून खाली येताना दिसते, मध्ये काय बांधलं होतं याच्याशी तिला घेणं नाही.

आणि तो टीव्हीवरचा रक्ताचा थेंब. बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, मायक्रोस्कोपखाली सरकवलं. ‘आधी’च्या चित्रात तांबड्या पेशी एकावर एक चिकटलेल्या, नाण्यांच्या चळतीसारख्या. ‘बघा ताई, रक्त किती घट्ट झालंय!’ अर्ध्या तासाने नवा थेंब, आता पेशी सुट्या, गोल, एकमेकींपासून लांब. बाई घाबरतात आणि मग हरखतात. आता यातली गंमत बघा. चळती खऱ्या असतात, प्रयोगशाळेत रोज दिसतात. थेंब जाड राहिला किंवा स्लाइडच्या जाड भागात बघितलं की चळती दिसतात. थेंब पातळ पसरला, वरची काच जरा दाबून ठेवली, कडेचा पातळ भाग टीव्हीवर घेतला की पेशी सुट्या दिसतात. एकाच माणसाच्या एकाच थेंबात दोन्ही दाखवता येतं. मायक्रोस्कोपवरचं बटण अर्धा इंच फिरवलं की झालं. चळती खरोखर वाढलेल्या असतात तेव्हा रक्तातली फायब्रिनोजनसारखी प्रथिनं वाढलेली असतात, कुठेतरी सूज किंवा इन्फेक्शन असतं. ते मोजायला ईएसआर नावाची साधी, स्वस्त तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते. मनगटावर उजेड पाडून अर्ध्या तासात ही प्रथिनं जात नाहीत.

‘रक्त पातळ होतं’ हे वाक्य तर सगळ्यात धोक्याचं. ज्याला हृदयाच्या झडपेसाठी किंवा गुठळीसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्याने या वाक्यावर विश्वासून गोळी सोडली तर पुढचा मुक्काम आयसीयू. विकणाऱ्याला एकदा विचारायला हवं. खरंच रक्त पातळ होत असेल, तर अशी गोळी घेणाऱ्यांना घड्याळ बांधल्यावर रक्तस्राव का होत नाही? आणि होत नसेल, तर मग काय पातळ होतं?

घड्याळाचा थेट धोका फार नाही, डोळे सोडले तर. घरात लहान मूल असेल आणि ते चालू घड्याळ डोळ्याशी नेऊन बघत असेल, तर ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.

सर्टिफिकेटच्या फोटोंबद्दल थोडक्यात. आयएसओ १३४८५ हे कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, घड्याळाने शुगर उतरते याचं नाही. ‘एफडीए रजिस्टर्ड’ म्हणजे अमेरिकेच्या एफडीएकडे नाव नोंदवलंय, मान्यता नव्हे. काही लेझर उपकरणांना तिथे जे ‘क्लिअरन्स’ मिळतं ते आधीच्या एखाद्या उपकरणासारखं आहे म्हणून, आणि बहुतेक वेळा स्नायू-सांध्यांच्या किरकोळ दुखण्याला तात्पुरता आराम एवढ्यापुरतंच. आपल्याकडे लोकांचा आणखी एक गोंधळ होतो. एफडीए म्हटलं की त्यांना मुंबईचं आपलं अन्न व औषध प्रशासन आठवतं आणि सरकारी शिक्का बसला असं वाटतं. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधाच्या व्याख्येत धरली जातात. तेव्हा परवाना क्रमांक आणि तो कुठल्या वापरासाठी आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मधुमेह, बीपी, लकवा बरा करतो अशी जाहिरात तर १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यातच बसत नाही, हे सगळे आजार त्याच्या यादीत आहेत.

हा धंदा आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत साऊथ डकोटातल्या लॅरी लायटल नावाच्या माजी दंतवैद्याने घरगुती लेझर उपकरणं ढीगभर आजारांवरचा उपाय म्हणून विकली. गिऱ्हाईक मुख्यतः म्हातारी माणसं. कोर्टाने थांबवूनही थांबला नाही, शेवटी २०१८ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली.

आता मावशीच्या जावयांचं काय करायचं? ते फसवायला आलेत असं मला वाटत नाही. बहुतेक तेही आधी ३६ हजार भरून बसलेत आणि खाली दोन-चार माणसं जोडल्याशिवाय ते पैसे निघत नाहीत. त्यामुळे भांडू नका, मावशीचं घर आहे. घड्याळ नीट खोक्यात घालून, चहा पाजून परत द्या. आग्रह झालाच तर एवढंच म्हणा, ‘दाजी, घेतो की. फक्त बिलाच्या मागे लिहून द्या, आईची शुगर या घड्याळाने उतरेल म्हणून, आणि खाली सही करा.’ गेल्या काही वर्षांत मी हे बऱ्याच जणांना सांगितलंय. लिहून दिलेला माणूस अजून माझ्या बघण्यात नाही. पैसे दिलेच असतील कुणी, तर पक्कं बिल मागा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, कंपनी कुठलीही असली तरी. माणसं जोडून पैसे फिरवायच्या पिरॅमिड योजनांना तर डायरेक्ट सेलिंगच्या २०२१ च्या नियमांनी सरळ बंदी आहे.

आई ऐकायला तयार नसेल तर घरच्या घरी एक प्रयोग करा, गोळ्या रोज चालू ठेवून. घड्याळाच्या पोटाशी जिथून उजेड येतो तिथे काळी इन्सुलेशन टेप नीट लावायची आणि नाकातल्या नळीच्या टोकालाही. चालू केलं की बीप वाजेल, पडद्यावर आकडे पळतील, उजेड मात्र कातडीला लागणार नाही. एक आठवडा टेप लावून, एक आठवडा काढून. कुठला आठवडा कुठला, हे घड्याळ बांधून देणाऱ्या घरातल्या एकालाच माहीत. रोज संध्याकाळी आईने गुडघ्याला शून्य ते दहा मार्क द्यायचे, कॅलेंडरवर लिहायचे. दोन आठवड्यांनी तिच्यासमोर टेप दाखवा आणि दोन्ही रांगा वाचा. चिडेल थोडी. माझी वायर तुटली होती त्या रात्री मीही चिडलो होतो, स्वतःवरच.

माझं मशीन अजून आहे. वायर दुरुस्त करून घेतली, दर तीन महिन्यांनी मीटर लावून बघतो. मान, खांदा, टाच, अशा काही दुखण्यांत व्यायामाच्या जोडीला वापरतो. त्याचे वेगळे पैसे घेणं मी त्या वर्षापासून बंद केलं.

गुडघ्याचं म्हणाल तर खरं काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजून धरायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. वजन चार-पाच किलो उतरलं तर गुडघ्याला त्याचा फायदा कुठल्याही दिव्यापेक्षा जास्त होईल आणि शुगरलाही होईल. झिजेच्या गुडघ्यासाठी जगातल्या सगळ्या मोठ्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम आणि वजन या दोन गोष्टी वरच आहेत. कंटाळवाण्या आहेत, म्हणून त्यांचं शिबिर भरत नाही.

पण हजार विड्या वळायच्या म्हणजे सात-आठ तास मांडी घालून, मान खाली, मांडीवर सूप, ही बैठक बदलल्याशिवाय व्यायाम निम्माच पुरेल. काही बायकांना मी बुटक्या स्टुलावर बसवून, समोर पाटावर सूप ठेवून वळायला लावलंय. पहिले आठ दिवस हात चालत नाही म्हणून शिव्या देतात, मग जमतं. पाटाची उंची मात्र प्रत्येकीची वेगळी लागते, हाताच्या लांबीवर असते, ती इथे लिहून सांगता येणार नाही. सुट्टीला याल तेव्हा आईला घेऊन या. रिपोर्ट आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा, आणि तिचं सूप आणि कात्रीही आणा.